हिल्डामावशींच्या दुकानाचं अचूक मूल्यांकन

मालमत्तेचं मूल्य मालमत्तेत नसतं, तारखेत असतं. मूल्यांकन खात्यात एकवीस वर्षं काढल्यावर हे मला उमगलं. दुकानदारांना ते बिल आल्यावर उमगतं.

इंग्लंडात, लँकेशायरमधल्या आमच्या गावात हिल्डा एन्टविसल यांचं लोकर आणि बटणांचं दुकान होतं. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायचो. दुकानाला एका नेमलेल्या दिवशी किती भाडं आलं असतं, यावर दुकानाचा कर ठरतो. मावशींचा नेमलेला दिवस सात वर्षांपूर्वीचा होता. त्या दिवशी रस्त्यावर बँक होती, पोस्ट होतं, कपड्यांचं मोठं दुकान होतं आणि माणसं होती. पुढे सगळं याच क्रमानं गेलं. (माणसं बसनं गेली.)

रस्ता ओस पडलाय, कर कमी करा, असं मावशींनी खात्याला लिहिलं. खात्यानं तत्परतेनं, अकरा महिन्यांत, कळवलं : आपलं म्हणणं पूर्णपणे खरं आहे, परंतु ते आजचं आहे.

मग सरकारनं आनंदाची बातमी दिली. यापुढे मूल्यांकन पाचऐवजी दर तीन वर्षांनी होणार. ती सांगायला मी स्वतः गेलो. मावशी काउंटरमागे कोट घालूनच बसल्या होत्या. हीटर गिऱ्हाईक आल्यावर लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग या एप्रिलपासूनच नवा कर लागेल का, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं, की मूल्यांकन लवकर लवकर करायचं तर तयारी लागते, म्हणून यंदा होणारं दोन वर्षं पुढे ढकललंय.

"म्हणजे नॉर्मन, तुम्हाला घाई आहे म्हणून उशीर होतोय."

"तात्पुरता, मावशी."

"बरं. चहा घे. दूध कालचं आहे, पण तुला कालचं चालतं."

ती दोन वर्षं त्यांनी काढली. पहिल्या वर्षी मदतीची बाई कमी केली. दुसऱ्या वर्षी वरची राहती खोली सोडली आणि मागच्या कोठीत, लोकरीच्या गठ्ठ्यांमध्ये झोपू लागल्या. पाहणीत मी नोंद केली : कोठीचा पूर्ण वापर होत आहे.

अखेर नवं मूल्यांकन आलं. कर निम्म्याहून खाली आला होता. इतकं अचूक काम आमच्याकडे क्वचित होतं. अंमल एक एप्रिलपासून. जागामालकाला मावशींनी जानेवारीतच नोटीस दिली होती. दुकान सतरा मार्चला बंद होणार होतं.

मी पत्र घेऊन गेलो, तेव्हा त्या बटणं बरण्यांत भरत होत्या. पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

"आकडा बरोबर आहे रे," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे."

मग खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी बरण्यांची झाकणं लावून दिली. (हे खात्याच्या कामात बसत नसल्यानं नोंदवलेलं नाही.)

शेवटच्या दिवशी गाव लोटलं. दुकान वाचवण्याच्या अर्जावर सहाशे चौदा सह्या झाल्या होत्या. त्यांतल्या चारशे जणांना दुकानाचं दार ढकलायचं की ओढायचं, हे त्या दिवशी कळलं. सगळ्यांनी फोटो काढले, सरकारला नावं ठेवली. एकानं बटणही घेतलं.

वाचून तुम्हीही हळहळला असाल. खात्याला त्याची कदर आहे. तुमच्या गल्लीतल्या छोट्या दुकानातून तुम्ही शेवटची वस्तू कधी घेतलीत, एवढंच कळवा. फॉर्म सोबत आहे. त्यात 'आठवत नाही' असा रकाना आहे. तुमच्या सोयीसाठी आम्ही तिथे आधीच खूण करून ठेवली आहे.