सांगोल्याला गेलेला कम्प्युटर

"एका दिवसात कोपरा रिकामा करून दाखवतो!" जोतिरामने छाती ठोकून सांगितलं. ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दीड खोलीत पाळण्याला जागा होती ती फक्त कम्प्युटरच्या कोपऱ्यात.

केराबाई नुसती हसली. नवऱ्याला ती ओळखून होती.

तो कम्प्युटर म्हणजे जोतिरामचा जीव की प्राण! ऋतुजा सहावीत असताना तो घरात आला, तेव्हा गल्लीतली माणसं चपला बाहेर काढून बघायला यायची. काय दिवस होते ते! आता तो सुरू होईपर्यंत चहा उकळून निवायचाही, पण दसऱ्याला त्याचा झेंडूचा हार कधी चुकला नाही.

भंगारवाला आला. त्याने हातोडी काढली मात्र, जोतिराम मॉनिटरला मिठी मारून उभा! "आरं, लेकरू शिकलंय ह्याच्यावर!"

शेवटी तोडगा निघाला. केराबाईचा भाऊ मायाप्पा सांगोल्याकडे राहतो. तिथल्या शाळेला कम्प्युटर द्यायचा. हळदकुंकू लावून टेम्पो रवाना झाला. जोतिराम दिवसभर मोकळ्या कोपऱ्याकडे बघत बसला.

टेम्पो परत आला तो शेळी घेऊन!

"दाजी, बहिणीच्या घरचं फुकट कसं घिऊ?" मायाप्पा फोनवर म्हणाला. "ऋतुजाला दूध हुईल की!"

शेळी कोपऱ्यात बांधली. पहिल्याच सकाळी तिने बाळासाठी शिवलेलं दुपटं फस्त केलं.

"आता पाळणा काय शेळीच्या पाठीवर ठिवू?" केराबाई कडाडली.

शेळी नको म्हणावं तर मेव्हण्याचा अपमान! म्हणून जोतिरामने फोनवर आडून आडून सुचवलं, "पाव्हणं, शेळी लई गुणाची हाय. पर त्या कम्प्युटरची आठवण येती हो. शेळीत मन रमत न्हाय."

मायाप्पा विरघळला. दोन दिवसांनी मोठा टेम्पो दारात आला. त्यात जोतिरामचा कम्प्युटर, आणि त्याच्याबरोबर आणखी सहा!

"शाळंत नवीन आलेत, दाजी." मायाप्पा फोनवर म्हणाला. "जुनं पडून हुतं. तुमची माया ऐकून मास्तर म्हणलं, असा संबाळणारा माणूस गावायचा न्हाय! आन शेळी ऱ्हाऊ द्या, दिलेलं आमी परत घेत न्हाय."

त्याच संध्याकाळी ऋतुजा रिक्षातून उतरली. दारात शेळी, घरात सात कम्प्युटर, पाळणा जिन्यात! केराबाई कपाळाला हात लावून बसली होती. ऋतुजाने मात्र सरळ आपल्या कम्प्युटरचं बटण दाबलं. चहा उकळला, निवला, आणि पडद्यावर तिने सहावीत काढलेलं चित्र उमटलं: छोटंसं घर, आई, आणि घराएवढ्या मिशांचे बाबा. जोतिरामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आई, हा इथंच राहू दे. बाळाला दाखवायचाय."

"आन पाळणा गं?"

ऋतुजाने खोलीभर नजर फिरवली. ती नजर बाबांच्या खाटेवर येऊन थांबली.

बाळ आता महिन्याचं झालंय. खाटेच्या जागी पाळणा झकास बसलाय. जोतिराम जिन्याखाली झोपतो, शाळेच्या सहा कम्प्युटरच्या डब्यांवर गादी टाकून. उशाला शेळी. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलंच, तर तो आजही छाती ठोकून सांगतो, "एका दिवसात जागा रिकामी करून दिली का न्हाय?"