आक्कांचा भिंतीवरचा फोटो

फोटो चांगला की वाईट, हे माईंना बघताक्षणी कळतं. त्यासाठी चार बुकं शिकावी लागत नाहीत. डोळे लागतात, आणि माईंचे डोळे अजून बिनचष्म्याचे आहेत!

घरात कॅमेरे दोन. एक मुलानं आणलेला डिजिटल. त्याच्या पाठीला काच असते, बटण दाबलं की फोटो तिथं हजर. दुसरा आप्पांचा, म्हणजे माईंच्या नवऱ्याचा, रोलवाला. आप्पा वीज कचेरीतून निवृत्त झाले तेव्हापासून त्या कॅमेऱ्याला मऊ फडक्यानं रोज पुसत बसतात. इतक्या मायेनं त्यांनी पोटच्या पोराचं नाक कधी पुसलं नाही!

डिजिटल कॅमेरा आप्पा चालवायचे, पण हुकूम माईंचा. संध्याकाळी दिवसभराचे फोटो माईंपुढे यायचे. "पास. पास. नापास!" नापास म्हणजे तिथल्या तिथे पुसून टाकायचा. नापास व्हायला फार काही लागत नसे. माईंच्या हनुवटीखाली दुसरी हनुवटी दिसली की झालं.

"अगं, त्यात बाकीची माणसंही आहेत!" आप्पा कळवळायचे.

"मग बाकीच्यांना वेगळं उभं करायचं!"

आप्पा नुकतेच पुन्हा रोलकडे वळले ते यामुळे. तोंडानं म्हणायचे, "रोलची मजाच वेगळी." खरी मजा ही, की रोलवरचं माईंना पुसता येत नव्हतं.

घरात मागच्या खोलीत आक्का राहायच्या. आप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, जन्म गेला टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्यात. स्वतः मात्र माईंशी सरळ कधी बोलल्या नाहीत आणि माई त्यांच्याशी. मधे सून उभी करायची.

"सूनबाई, सांग तुझ्या आत्यांना, चहा निवतोय."

"सांग तुझ्या सासूला, निवू दे."

तिघी एकाच टेबलाशी बसलेल्या असायच्या!

मग आक्कांच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी फोटो काढले, म्हणजे पोटाचे, आणि म्हणाले, "घरी न्या. हवं ते खाऊ द्या." याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. आक्कांना सगळ्यांत आधी.

घरी येऊन पलंगावर टेकल्या टेकल्या त्यांनी भावाला हाक मारली. "आप्पा, भिंतीवर लावायला माझा एक धड फोटो हवा. लग्नातला लावाल तर खबरदार! लोक म्हणतील, ही कोण पोरगी गेली?"

शोधाशोध झाली. गेल्या कित्येक वर्षांत आक्कांचा एक फोटो सापडेना. असणार कसा? घरातल्या प्रत्येक फोटोत आक्का माईंच्या शेजारी, आणि माईंची हनुवटी नापास! आप्पांनी मुकाट्यानं रोलवाला कॅमेरा काढला.

आक्कांनी ठेवणीतली साडी नेसून घेतली, केस बसवले, कवळी लावली आणि उशांचा टेकू घेऊन खिडकीशी बसल्या. बसताना कपाळावर घाम फुटला.

"दुखतंय का गं?"

"फोटोत दुखणं येतं?"

"नाही."

"मग काढ की!"

आप्पांनी काढले. नंतर आक्कांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि आडव्या झाल्या. "झालं. आता मला कोणी उठवायचं नाही." त्या पुन्हा बसल्याही नाहीत. अंगात होतं नव्हतं ते बळ त्या फोटोपायी खर्च झालं.

पण रोल अजून पुरा व्हायचा होता, आणि रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही ही आप्पांची शिस्त. आक्का रोज सकाळी विचारायच्या, "पुरा झाला का रे?" आप्पा म्हणायचे, "होतोय, आक्का." होतोय कसला! आप्पा कॅमेऱ्याला हातच लावत नव्हते. फोटो बघायचा म्हणून आक्का तग धरून आहेत आणि बघितला की जातील, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती.

माईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या जिवाला एकच घोर: आपल्या बैठकीच्या खोलीत, आपल्या भिंतीवर फोटो लागणार, आणि आपण तो पास केलेला नाही!

एका सकाळी आप्पा पेन्शनच्या कामाला आणि दाढीचं सामान आणायला बाहेर पडले, ते दुपारीच परतणार होते. माईंनी कपाट उघडलं, कॅमेरा काढला, उलटा केला. पाठीला काच नाही. नुसतं काळं झाकण. काच झाकणाच्या आत असणार! त्यांनी दिसेल ते दाबलं, फिरवलं, ओढलं. कडेची गुंडी वर ओढली गेली आणि झाकण फट्दिशी उघडलं.

आत तपकिरी पट्टी. माईंनी ओढली. येतेय, येतेय, येतच राहिली! हातभर पट्टी खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी खालीवर न्याहाळली. एक फोटो नाही!

"सूनबाई! इकडे ये आधी! बघ तुझ्या सासऱ्याचे प्रताप. त्या मरणाच्या दारातल्या बाईला नटवून बसवली आणि फोटो एकही उमटला नाही!"

सून ओल्या हातांनी धावत आली आणि दारातच थिजली. "माई, अहो, काय केलंत हे! उजेड लागला की त्याच्यावरचं सगळं जातं!"

"जातं म्हणजे? कुठं जातं?"

"जातं म्हणजे जळतं!"

"धूर कुठाय मग?"

सुनेनं डोळे पुसायला सुरुवात केली तेव्हा माईंना कळलं, की धुराशिवायही जळतं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना वाटलं, खाली बसावं.

"मामंजींना सांगूया," सून म्हणाली.

"जिभेला लगाम घाल! त्यांना नाही आणि वन्संना तर नाहीच नाही. कॅमेरा काय हा एकच आहे घरात?"

पट्टी कोंबून कोंबून आत बसवली. जाजमाखाली कचरा सारावा तशी! झाकण दाबून लावलं, कॅमेरा कपाटात. मग डिजिटल घेऊन माई मागच्या खोलीत गेल्या आणि मधे सून न उभी करता सरळ बोलल्या.

"वन्सं, एक फोटो काढू तुमचा?"

आक्कांनी एक डोळा उघडला. "माझा? तू? मरायला टेकले म्हणून एवढा पुळका?"

"नाही, आपलं सहज."

"मग सहज बाहेर जा. माझा फोटो आप्पानं काढलाय."

पण माईंनी हार मानली असती तर त्या माई कसल्या! कंपाउंडर दुपारी येऊन दुखणं थांबवायची सुई देऊन जायचा, आणि सुईनंतर आक्का गाढ झोपायच्या. तीच वेळ माईंनी साधायची ठरवली. झोप तर झोप, चेहरा तोच ना!

सुई झाली. कंपाउंडर गेला. आक्का झोपल्या. माई कॅमेरा घेऊन आणि सून चादर घेऊन आत शिरल्या. चादर कशाला, तर मागं पांढरं लागतं. स्टुडिओत माईंचा फोटो काढला तेव्हा मागं पांढरं होतं, म्हणजे लागतंच!

"पलंगामागं उभी राहा आणि चादर ताठ धर. थांब, आधी कवळी."

"माई, झोपेत कवळी?"

"बिनदाताचा लावायचा भिंतीवर?"

आक्कांचं तोंड उघडंच होतं. माईंनी वाटीतली कवळी उचलली आणि कुलपात किल्ली घालतात तशी हलक्या हातानं आत सरकवली. वरची बसली. खालची अर्धी बसली आणि अडली. सून पलंगामागं हुंदके द्यायला लागली. हुंदक्यांनी तिचे हात हलले, हात हलले तशी चादर सुटली, आणि आक्कांच्या डोक्यापासून पायापर्यंत अल्लाद पसरली.

नेमका त्याच वेळी कंपाउंडर विसरलेला सुयांचा डबा न्यायला परत आला. दारातून त्यानं पाहिलं. पलंगावर पांढऱ्या चादरीखाली आक्का. उशाशी रडणारी सून. पलंगाशेजारी मान खाली घालून माई. मान खाली कशाला, तर कॅमेऱ्याची काच पदरानं पुसत होत्या! त्यानं पायातले बूट काढून हातात घेतले आणि चाहूल न देता जिना उतरला.

जिन्याखाली त्याला दाढीचं सामान घेतलेले आप्पा भेटले.

"आप्पा," तो म्हणाला आणि पुढं बोललाच नाही. आप्पांच्या हातातला साबण पायऱ्यांवरून टुणटुण उड्या मारत रस्त्यावर गेला.

वर माईंना पत्ता नाही! त्यांनी चादर उचलून सुनेच्या हातात दिली, आक्कांचं तोंड बोटानं मिटवलं, मागं सरकल्या आणि बटण दाबलं. लख्ख! काचेत बघितलं आणि माईंच्या अंगावर काटा आला. झोपलेल्या माणसाचा फोटो झोपलेला येत नाही.

"हा नको. पुन्हा. तू रडू नकोस गं, चादर हलते!" लख्ख! "अजून एक!" लख्ख!

तिसऱ्या उजेडाला दार उघडलं. दारात आप्पा, त्यांच्यामागं कंपाउंडर, त्याच्यामागं खालची शिवणकामवाली, आणि तिच्यामागं जिनाभर माणसं. सगळ्यांनी बघितलं काय? नणंद गेलेली, आणि भावजय तिचे फटाफट फोटो काढतेय!

"काय बाई आहे!" जिन्यावरून कोणी तरी म्हणालं.

"अहो, तसं नाही हो," माई म्हणाल्या. पण मग कसं आहे, ते सांगायची सोय होती का?

आप्पा पलंगाशी जाऊन मटकन बसले. शिवणकामवालीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सुटली हो बिचारी."

"कोण सुटली?" पलंगावरून आवाज आला.

शिवणकामवाली मागच्या मागं कंपाउंडरच्या अंगावर गेली. त्याच्या हातातले बूट खाली पडले. आक्कांनी डोळे उघडून एकेक तोंड बघितलं, मग तोंडातली खालची अर्धी कवळी चाचपली.

"हे कोणी घातलं?"

सून चादरीआड झाली.

"काही नाही, आक्का, काही नाही!" आप्पा रडत हसत होते. "चुकून झालं. तू हवा तेवढा वेळ घे. हे बघ, तुझा फोटो आहे ना माझ्याकडे! आजच रोल पुरा करतो!" आणि कोणी अडवायच्या आत ते कपाटातून कॅमेरा घेऊनही आले. झाकणाच्या फटीतून पट्टीचं टोक लोंबत होतं.

आप्पांनी झाकण उघडलं. चुरगळलेली पट्टी त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती उचललीसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, "कोणी?"

सुनेनं माईंकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. जिन्यापर्यंत सगळे माईंकडेच बघत होते.

आणि ज्या बाईला कुशीवर वळायला दोन माणसं लागत होती, ती आक्का हाताच्या कोपरावर उठली! उठली ती उठली, दुसऱ्या हाताचं बोट थेट माईंच्या नाकासमोर धरलं.

"पुसलंस! हाही पुसलास! इतकी वर्षं तुझ्या हनुवटीपायी मला पुसत आलीस. मला काय कळत नव्हतं? हा एक होता, जीव खाऊन बसले होते त्याच्यासाठी, तोही तुला बघवला नाही! मी या घरात होते की नव्हते गं? सांग ना आता, होते की नव्हते?"

माई मागं सरकल्या. पाठ भिंतीला लागली. कॅमेरा छातीशी घट्ट धरलेला, बोट बटणावर, आणि भीतीनं बोट दाबलं गेलं. लख्ख!

आक्का धपकन उशीवर पडल्या. धाप लागली होती. तरी हात पुढं केला. "बघू."

माईंनी कॅमेरा दिला. या खेपेला आधी आक्कांनी बघितलं. काचेत केस विस्कटलेली, कवळी तिरकी, गाल लाल, डोळ्यांत निखारे असलेली एक बाई होती, आणि बोट रोखून बघणाऱ्याला खडसावत होती. मरणाचा मागमूस नव्हता.

"हाच," आक्का म्हणाल्या. "हाच लावायचा."

"वन्सं, दुसरा काढू. केस बसवते मी तुमचे..."

"हाच लावायचा. आणि आप्पा, कापायचा नाही. बोटासकट."

त्यानंतर आक्कांनी रोलचं कधी विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात, भरदुपारी, सून पाणी पाजत असताना त्या गेल्या. कंपाउंडरनं या वेळी तीनतीनदा नाडी बघितली, मगच बूट काढले.

फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला. भेटायला येणारा दारातून आत आला, की आधी दचकतो, मग आपोआप नीट उभा राहतो. चार शब्द सांत्वनाचे बोलून झाले की वर बघतो.

"किती जिवंत आलाय हो! कोणी काढला?"

"हिनं," आप्पा म्हणतात. एवढंच म्हणतात.

"वा, माई! आणि काय म्हणत होत्या हो आक्का तेव्हा?"

प्रत्येक जण विचारतो! एकही माणूस विचारल्याशिवाय उठत नाही. आप्पा लेन्स पुसायला घेतात, सून चहाचे कप उचलते, आणि माई पदर नीट करून, भिंतीकडे न बघता सांगतात, "कुठं काय? 'बस, चहा घेऊन जा,' म्हणत होत्या."

पाहुणा पुन्हा एकदा त्या बोटाकडे बघतो, आणि मुकाट्यानं चहा संपवतो.