पाठ टेकायची खुर्ची

घरात खुर्ची आली आणि बनुबाईचं कामात लक्ष लागेना.

तशी खुर्ची तिच्यासाठी आलेलीच नव्हती. ती आली होती ज्ञानेश्वरीसाठी. बारावी झाल्यावर बनुबाईच्या या लेकीनं केडगावला व्यवसाय व्यवस्थापन आणि ऑफिसच्या कारभाराचा एक वर्षाचा कोर्स धरला होता. तिथल्या राजेश्वरी मॅडमनी मुलींना बजावलं होतं, "मुलाखतीत खुर्चीच्या कडेवर टेकू नका. पाठ टेकून ऐसपैस बसा. नोकरी मिळायच्या आधी खुर्ची आपली वाटली पाहिजे." आता ज्यांच्या घरी बाज आणि गोणपाट एवढंच फर्निचर, त्यांनी पाठ टेकायची कुठं? म्हणून टेम्पोवाल्या हनुमंतमामानं नागापूरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातली काळी, उंच पाठीची, चाकांची फिरती खुर्ची भाचीसाठी उचलून आणली.

धूळ पुसायच्या निमित्तानं बनुबाईनं गादीवर तळवा दाबला. हात मऊसूत आत गेला आणि तिला कसंतरीच झालं. जन्मात अशा मऊ खुर्चीत पाठ टेकून बसायचा प्रसंग तिला एकदाच आला होता, तोही दाढ काढताना. एकदा, फक्त एकदा या खुर्चीत बसावं आणि पायानं रेटा देऊन गर्रकन फिरावं, एवढंच तिच्या मनानं घेतलं.

पण बसणार कशी? समोरच्याच ओसरीवर चुलत सासरे रंगनाथअण्णा दिवसभर तंबाखू मळत बसलेले. वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं खुर्चीत बसायचं नाही, ही त्या घराची रीत. ती कुणी घातली हे कुणालाच माहीत नव्हतं, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

त्यातच गावाला खुर्चीचा सुगावा लागला. भावकीत ज्याच्या घरी मोठं पातेलं किंवा सतरंजी असेल, त्यानं ती मागेल त्याला द्यायची, नाही म्हणायची सोय नाही. खुर्चीलाही तोच न्याय लागला. आधी ती एका डोहाळजेवणाला गेली, मग शाळेतल्या गुरुजींच्या निरोपसमारंभाला. परत यायची ती झेंडूच्या पाकळ्या आणि हळदीची बोटं घेऊन. बनुबाई पुसायची, आणि पुसून होईतो पुढचा दारात उभा.

"वहिनी, खुर्ची मोकळी हाय का?"

"हाय की, न्या!" तिचा नवरा छगन आतूनच ओरडायचा. घरातली वस्तू वाटण्यात त्याचा हात मोठा सढळ.

ज्ञानेश्वरी वैतागली. "ह्याला काय नियोजन म्हणायचं का? मला सरावाला खुर्ची कवा मिळायची?" तिनं कोर्समधलं सगळं शास्त्र त्या खुर्चीवर सोडलं. न्यायची वेळ ठरली, आणायची वेळ ठरली, पुसायची जबाबदारीही ठरली. ती अर्थातच आईकडे आली.

"आन माझी बसायची येळ?" बनुबाईनं हसत विचारलं.

"तुला गं कशाला पायजे?"

"न्हाई, आपलं इचारलं," म्हणत बनुबाईनं फडकं झटकलं.

अशात सुप्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून ज्ञानेश्वरीला फोन आला. मुलाखत मोबाईलवरच, व्हिडिओ कॉलनं होणार होती. आणि त्याच सकाळी खुर्ची शेजारच्या ज्योतीच्या साखरपुड्याला गेलेली! हनुमंतमामानं टेम्पो काढून ती कशीबशी वेळेवर आणली. तिच्यात बसून नवरदेवाच्या वजनदार मामांनी हौसेनं गिरक्या घेतल्याचं मात्र कुणी सांगितलं नाही.

मोबाईल डब्यांच्या उतरंडीला टेकवला. ज्ञानेश्वरी पाठ टेकून ऐसपैस बसली. पलीकडच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला आणि खुर्ची हळूहळू खाली जायला लागली. दुसऱ्या प्रश्नाला मोबाईलमध्ये नुसतं कपाळ उरलं, तिसऱ्याला भांग.

"तुम्ही खाली का जाताय?"

"मी हितंच आहे, मॅडम!" भांग म्हणाला.

बनुबाईला राहवलं नाही. ती रांगत गेली आणि खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी वर रेटू लागली. नवरदेवाच्या मामांच्या गिरक्यांनी आधीच वाकलेला दांडा कडकन मोडला. लेक जमिनीवर, खुर्ची आडवी, आणि मोबाईलसमोर घाबरीघुबरी बनुबाई.

"पडली न्हाई बरं का मॅडम, बसलीच हाय!"

"या कोण?"

"माझी आई," खालून आवाज आला. मग एक हात वर आला आणि मोबाईल खाली घेऊन गेला. फरशीवर मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून ज्ञानेश्वरी म्हणाली, "खुर्ची मोडली, मॅडम. मी खाली आले, म्हणून मोबाईलपण खाली घेतला. तुमचा पुढचा प्रश्न?"

पलीकडून हसू ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी नोकरी लागल्याचा फोन आला.

हनुमंतमामानं मोडका दांडा आणि चाकं काढून टाकली. उरली ती नुसती गादी आणि उंच पाठ, जमिनीला टेकलेली. बिनपायाच्या खुर्चीत कोण नवरदेव बसवणार? मागणारे आपोआप थांबले.

ज्ञानेश्वरी पहिल्यांदा कामावर गेली त्या दुपारी बनुबाईनं चौफेर पाहिलं आणि ती हळूच बसली. पाठ टेकली. अख्खी पाठ. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. तेवढ्यात अण्णा पाण्याला म्हणून दारात आले. ती पदर सावरत धडपडत उठायला लागली.

अण्णांनी वाकून खुर्ची निरखली. "उठती कशाला? भुईवर बसायला कुनाची मनाई हाय?"

ती पुन्हा टेकली. मग हौसेनं तिनं पायानं रेटा दिला. खुर्ची ढिम्म. फिरायचं तेवढं राहिलंच, आणि ते मनातून जाईना.

संध्याकाळी लेक आली तर आई तिथंच.

"आई, मला ऑफिसात नवीकोरी फिरती खुर्ची मिळाली!"

बनुबाई ताठ झाली. "मंग? फिरलीस का न्हाई?"

ज्ञानेश्वरीचं तोंड एवढंसं झालं. "मोठे साहेब समोरच बसत्यात गं. त्यांच्यासमोर कसं फिरायचं?"

बनुबाईनं ओसरीकडे एक नजर टाकली. मग जवळ सरकून, अण्णांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं,

"त्ये जेवाया कवा जात्यात?"