नकाशाखात्याने खिडकी जिंकिली त्याची हकीकत

कचेरीतील थोरामोठ्यांस मुजरा करोन, चहा निवत असताही कलम उचलिले आहे. कारण झाला मजकूर आजच न लिहावा तर पुढील भरतीचे कारकून यास थट्टा म्हणतील.

नकाशाखाते तळघरी होते. तेथे सूर्याचा अंमल नाही, ट्यूबलाइटची सुभेदारी. तिच्या उजेडात नदी हिरवी आणि रान निळे रंगविले गेले आणि खात्याची शोभा जाहली. मग खात्याच्या प्रमुख, वज्रचूडेमंडित बाई, कंबर कसोन उभ्या राहिल्या की, तिसऱ्या मजल्यावरील खिडकीची खोली घेतल्यावाचून स्वस्थ बसणे नाही. बड्या साहेबांनी फर्माविले की, शुक्रवारी अकरा वाजता पडद्यावर कैफियत मांडावी, मनास आल्यास खोली बहाल होईल.

पडद्यावरील पाने उलटावयाच्या रिमोटांचा बंदोबस्त स्टोअरवाल्या काकांकडे. काका शिस्तीचे बहुत भोक्ते. रिमोट आणि लॅपटॉपात खोचावयाचे इवलेसे रिसीव्हर हे दोन भिन्न जिन्नस एकत्र कैसे नांदावे, म्हणोन त्यांनी सर्व रिमोट एका डब्यात आणि सर्व रिसीव्हर दुसऱ्या डब्यात ऐशी वर्गवारी केली. कोणता कोणाचा हे ईश्वरास ठाऊक. आणि वर हुकूम की, ज्याच्या सहीने रिमोट वा रिसीव्हर गेला त्याच्याच हाती राहावा. अदलाबदल करील त्यास वर्षभर रिमोट बंद.

शुक्रवारी बाई रिमोट घेवोन साहेबांपुढे उभ्या राहिल्या, त्याच समयी शेजारच्या दालनी आग विझविण्याचे शिक्षण चालले होते, आणि शिक्षक बाईंचेच यजमान, त्यांचाही रिमोट काकांच्याच डब्यातील. उभयतांत सकाळपासोन अबोला, कारण पलंगावर ओला टॉवेल.

बाईंनी कळ दाबिली. पडदा ढिम्म. मग पुन्हा दाबिली, तों शेजारी हशा उसळला, आणि मग बाईंचा पडदा आपणहून दौडत सुटला आणि खोली मागण्यापूर्वीच तेथे ‘आभारी आहे’ झळकले. साहेबांनी घड्याळ पाहिले. खोली हातची गेली ऐसे वाटोन बाईंचे डोळा पाणी आले.

इतक्यात मधले दार किलकिले करोन यजमान कुजबुजले, “अगं, माझी आग विझायच्या आधीच पडद्यावर ‘आता घरी जा’ आलं. तुझं बटण माझ्याकडे चालतंय.”

“म्हणजे तुझं माझ्याकडे. बदलू या पटकन.”

“काका बाहेर वही घेऊन बसलेत.”

मग दारातच मसलत होवोन तह ठरला की, दार थोडके उघडे ठेवावे, बाईंनी ‘पुढे’ म्हणता यजमानांनी आडोनच दाबावे, आणि यजमानांनी ‘पुढे’ म्हणता बाईंनी हात पाठीशी नेवोन दाबावे. मग बाईंनी हिरवी नदी दाखविली आणि म्हणाल्या, “पुढे.” निळे रान दाखविले, “पुढे.” तळघराची ओल, “पुढे.” एकही पान चुकले नाही. पंधरा वर्षांच्या संसारात यजमानांनी इतके मुकाट्याने कधी ऐकिले नव्हते. साहेबांनी खोली मंजूर केली आणि खुर्ची पुढे ओढोन विचारिले, “हे नुसतं बोललं की चालतं? कुठून आणलंत?”

बाई म्हणाल्या, “लग्नात मिळालं.”

येणेप्रमाणे शुक्रवारी पावणेबारा वाजता खिडकीची खोली नकाशाखात्याचे अंमलाखाली आली, मोहीम फत्ते जाहली, आणि तैसेच यंत्र दर खात्यास एकेक मागवावे ऐसा साहेबांचा हुकूम दफ्तरी दाखल जाहला.