ओव्हनमधलं पितळ

व्हर्लिन हॉगेनने गॅरेजमधल्या टेबलाला काडतुसं भरायची प्रेस बसवण्यासाठी भोकं पाडली, तेव्हा ते टेबल आपल्या बायकोचं आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं असं नाही. लक्षात होतं म्हणूनच त्याने ती घाईघाईत पाडली. दरवर्षी आर्लिस त्या टेबलावर चोकचेरी या रानफळाच्या जेलीच्या बरण्या भरायची. आज ती सकाळपासून चर्चच्या स्वयंपाकघरात होती. संध्याकाळी तिथे गावजेवण होतं आणि बटाटे सोलायला हात कमी पडत होते.

“भोकं वाकडी आहेत,” ऑरिन म्हणाला. ऑरिन हा आर्लिसचा धाकटा भाऊ. तो खुर्चीवर बसून कॉफी पीत होता.

“टेबल वाकडं आहे.”

“टेबल मी केलंय, व्हर्लिन.”

“तेच म्हणतोय मी.”

मॉन्टानातल्या आमच्या गावात हिवाळा लांबलचक आणि करमणूक कमी, त्यामुळे निम्म्या घरांत अशी प्रेस असते. झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळ फेकून न देता दांडा ओढून पुन्हा मापात आणायचं, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बारूद तोलून भरायचं आणि वर गोळी दाबायची. व्हर्लिनला आजवर यातलं काही करावं लागलं नव्हतं, कारण दुकानात काडतुसं मिळत होती. पण गेल्या थंडीत त्याचे वडील वारले आणि आजोबांची रायफल त्याच्या वाट्याला आली. त्या मापाची काडतुसं कंपनीने बंद केली त्याला एक जमाना झाला होता.

शिकारीचा सीझन उघडतो त्या पहिल्या सकाळी ती रायफल हॉगेनांच्या घरातून बाहेर पडली नाही, असं एकही वर्ष गेलं नव्हतं. आधी आजोबा घेऊन जायचे, मग वडील. शेवटच्या दोन वर्षांत वडिलांना डोंगर चढवत नव्हता, तरी ती मांडीवर ठेवून ते गाडीत बसून राहायचे. यंदा मी नेणार, असं व्हर्लिनने कॅफेत सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचा आवाज थोडा चिरकला होता. एल्क हरीण मिळो न मिळो, रायफल जायला हवी होती. आणि सीझन शनिवारी उघडणार होता. आज गुरुवार.

सगळी मदार वडिलांनी कॉफीच्या एका डब्यात जपून ठेवलेल्या मूठभर रिकाम्या पितळांवर होती. दुसरी मिळण्यासारखी नव्हती.

खरं तर प्रेस महिन्यापूर्वीच यायची. पण व्हर्लिनने कुठली घ्यावी हे कॅफेत विचारलं, आणि तिथेच घोळ झाला. एका वेळी एकच काडतूस करणारी साधी घे, असं एक टेबल म्हणालं. फिरत्या खणांची घे, दांडा ओढला की काडतूस पडतं, असं दुसरं म्हणालं. तराजू काट्याचा घ्यावा की बॅटरीचा, यावरून दोन सख्खे चुलतभाऊ वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागले. ऑरिनने फिरत्या प्रेसचा इतका हट्ट धरला की व्हर्लिनने साधी घेतली.

“तुझी कशी चालते रे?” बोल्ट पिळता पिळता व्हर्लिनने विचारलं.

“एकदम लोण्यासारखी.”

“कधी दाखवली नाहीस.”

“प्रेस काय दाखवायची वस्तू आहे?” ऑरिनने कॉफीचा घोट घेतला. “पितळ धुतलंस का?”

पितळ धुतलं होतं. साबणाच्या पाण्यात, आर्लिसच्या चाळणीत. मग ऑरिननेच उंटावरून शेळ्या हाकल्या की आत ओल राहिली तर बारूद वाया जाईल, ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर सुकव. म्हणून ते पितळ आर्लिसच्या बिस्किटांच्या ट्रेवर ओळीने मांडून आत ठेवलं होतं. ओव्हनमधला दिवा उन्हाळ्यापासून गेलेला होता. तो बदलणंही व्हर्लिनच्याच कामांच्या यादीत होतं.

तेवढ्यात घरात फोन वाजला. व्हर्लिनने धावत जाऊन उचलला.

“ओव्हन साफ केलास?” आर्लिसने विचारलं.

गेले तीन आठवडे ती हे विचारत होती. व्हर्लिनने एकदा त्यात भाजायला ठेवलेला चीजचा हॉटडिश उतू घालवला होता, त्याचं कोळशासारखं पुट तळाला बसलं होतं. ओव्हनला स्वतःहून साफ होण्याचं बटण होतं. पण मागच्या खेपेला त्या बटणाने घरभर धूर केला होता, म्हणून आर्लिसने बंदी घातली होती. हाताने घासायचा, सिंकखालच्या कपाटातली औषधाची बाटली घेऊन. तिने हे इतक्यांदा सांगितलं होतं की व्हर्लिनला त्यातलं ‘सिंक’ एवढंच आठवत होतं.

“हे काय, करतोच आहे,” तो म्हणाला.

“हाताने ना? बाटली घेतलीस?”

“घेतली की.”

पलीकडे आर्लिस जराशी थांबली. “मग? काही म्हणायचं नाही तुला?”

“काय म्हणायचं? कष्टाचं काम आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवताना तिचा आवाज जरा पडलेला वाटला. बायका दमतात, असं व्हर्लिनने मनाशी म्हटलं.

आता एकदा थाप मारली म्हणजे ओव्हन साफ दिसणं भाग होतं. तिला यायला संध्याकाळ होणार. तोवर खिडक्या उघड्या ठेवल्या तर धुराचा वासही जाईल. व्हर्लिनने बटण दाबलं. ओव्हनच्या दाराचं कुलूप आतून खट्कन लागलं. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या समाधानात तो गॅरेजमध्ये परतला.

पुढचा तासभर दोघांनी प्रेसचा दांडा डाव्या हाताने ओढावा की उजव्या, यावर वाद घातला. मग साचा बसवला, तराजूचा काटा शून्यावर आणला, टोप्या वाटीत काढल्या. सगळं झालं.

“आण पितळ,” व्हर्लिन म्हणाला.

“कुठून?”

“तू काढलंस ना ओव्हनमधून?”

“मी कशाला काढू? मी खुर्चीवरून उठलोय का सकाळपासून?”

हे खरं होतं. व्हर्लिनच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. “ऑरिन,” तो म्हणाला, “मी साफ व्हायचं बटण दाबलंय.”

दोघं धावले. स्वयंपाकघरात छताखाली निळसर धूर तरंगत होता. व्हर्लिनने ओव्हनचं दार ओढलं. ते हललं नाही. त्याने रद्दचं बटण दाबलं. बटणावरचा दिवा विझला, कुलूप तसंच. ऑरिनने तळघरात जाऊन मेन स्विच पाडला, त्याने फक्त गॅरेजचं अर्धवट उघडं विजेवरचं दार होतं तिथेच अडकलं आणि ऑरिनची गाडी आत कोंडली गेली.

“थंड झाल्याशिवाय उघडत नाही ते,” ऑरिन वर येऊन म्हणाला. “सुरक्षेसाठी असतं.”

“कुणाच्या?”

तेवढ्यात छतावरचा धुराचा गजर वाजायला लागला. तो बॅटरीवर चालत होता, त्यामुळे त्याला मेन स्विचशी देणंघेणं नव्हतं. पलीकडच्या घरातल्या ओपलबाई खिडकीतच होत्या. हॉगेनांकडे आज काडतुसं भरायचं काम निघालंय हे त्यांना माहीत होतं, कारण ते कॅफेला माहीत होतं. त्यांनी धूर पाहिला, गजर ऐकला, दोन अधिक दोन केलं आणि फोन उचलला.

मिनिटभराने ऑरिनच्या कमरेचा पेजर किंचाळला. आमच्या गावाचं अग्निशमन दल हौशी लोकांचं आहे, आणि बंब ऑरिन चालवतो. त्याने पेजर वाचला.

“आग लागलीये,” तो म्हणाला. “काडतुसांच्या घरात, असं लिहिलंय.”

“कुठे?”

“इथे.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“सांग त्यांना काही नाहीये म्हणून,” व्हर्लिन म्हणाला.

“तसं चालत नाही. पेजर वाजला की बंब निघालाच पाहिजे. मागच्या वर्षी मीच हा नियम करून घेतला.” ऑरिनने टोपी घातली. “माझी गाडी अडकलीये. तुझी दे.”

अशा रीतीने ऑरिन हॉगेनांच्या घरातून, हॉगेनांच्याच गाडीतून, हॉगेनांच्या घरची आग विझवण्यासाठी बंब आणायला गेला. बंब घेऊन तो परत आला तेव्हा मागून निम्मं कॅफे आलं होतं, आणि कॅफेच्या मागून, हाताला बटाट्याची सालं चिकटलेली आर्लिस.

ती दारात उभी राहिली. तिने धूर पाहिला, ओव्हन पाहिला, जड बुटांनी मळलेली फरशी पाहिली. मग तिने ओव्हनवरचं बटण पाहिलं.

“आर्लिस,” दलाचा एक जण कुऱ्हाड सरसावून म्हणाला, “दार फोडू का?”

“हात लावून बघ.”

कुऱ्हाड खाली गेली. सगळे थांबले. बंबवाल्यांनी पंखा लावून धूर बाहेर काढला, कुणीतरी मेन स्विच वर केला, आणि आलोच आहोत तर म्हणून सगळ्यांनी कॉफी घेतली. दुपार कलली तेव्हा कुलूप एकदाचं खट्कन सुटलं.

ट्रे बाहेर आला. पितळाच्या अंगावर जांभळा, मोरपंखी रंग चढला होता. दिसायला ते फार सुंदर दिसत होतं. कॅफेतल्या मंडळींनी कॉफीचे कप खाली ठेवले, कारण त्या रंगाचा अर्थ त्यांच्यातल्या प्रत्येकाला कळत होता. ऑरिनने पक्कड घेतली आणि एका पितळाचं बूड हलकेच दाबलं. पितळ मुकाट्याने चपटं झालं.

“मऊ पडलंय,” तो म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. “यात बारूद भरलंस तर ती रायफल तुझ्याच तोंडावर फुटेल. सगळी टाकून दे, व्हर्लिन.”

व्हर्लिनने एक पितळ उचलून तळहातावर धरलं. ते वडिलांनी झाडलेलं होतं, कुठल्यातरी थंड सकाळी.

“माझी दुसरी रायफल घेऊन ये शनिवारी,” ऑरिन म्हणाला.

“नको.”

एकेक जण टोपी सावरत निघून गेला. उरले व्हर्लिन, ऑरिन आणि आर्लिस.

आर्लिसने हात धुतले आणि पुसले. “तू फोनवर म्हणालास बाटली घेतली.”

“खोटं बोललो.”

“ते मला तेव्हाच कळलं,” ती म्हणाली. “सिंकखालचं कपाट उघड.”

व्हर्लिन गुडघ्यावर बसला. त्याने कपाट उघडलं.

“बाटली काढ. तीच, ओव्हनची. आता तिच्या मागे हात घाल.”

त्याने हात घातला. हाताला पुठ्ठ्याचा डबा लागला. डबा जुना होता, कोपरे झिजलेले, पण वरचं लेबल शाबूत होतं. आजोबांच्या रायफलचं माप त्याला लांबूनही ओळखता आलं असतं. त्याने झाकण उघडलं. आत काडतुसं ओळीने बसलेली होती, कंपनीतून आली तशी.

“पलीकडच्या गावात एक म्हातारी नवऱ्याचं सामान आवरत होती,” आर्लिस म्हणाली. “जेलीच्या बरण्या देऊन घेतला. म्हटलं, सीझनच्या आधी तुझं तुलाच सापडू दे. तीन आठवडे सांगतेय, ओव्हन घास, बाटली सिंकखाली आहे.”

व्हर्लिन तिथेच फरशीवर बसून राहिला. एकदा तिच्याकडे, एकदा डब्याकडे. “इथे का पण ठेवलास?”

“घरात लपवायला याहून चांगली जागा नव्हती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तू हे कपाट उघडलेलं मी पाहिलं नाही.”

ऑरिन खो खो हसला.

“तू हसू नकोस,” आर्लिस त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तुझी लोण्यासारखी चालणारी प्रेस अजून खोक्यातून बाहेर आलेली नाही. तुझ्या बायकोनेच सांगितलं मला, बटाटे सोलताना.”

ऑरिनने कॉफीच्या कपात पाहिलं. कप रिकामा होता.

व्हर्लिन उठला, आर्लिसच्या खांद्यावर कपाळ टेकून क्षणभर उभा राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि रबरी हातमोजे चढवले. ओव्हनच्या तळाला राख साचली होती. ती काढता काढता त्याने मान आत ठेवूनच विचारलं, “आर्लिस, असा एकच डबा होता का तिच्याकडे?”

आर्लिसने जरा विचार केला.

“न्हाणीघर कधीपासून घासायचं राहिलंय,” ती म्हणाली. “तळघरातलं मागचं शेल्फही. आणि ऑरिन, ते गॅरेजचं दार.”

शनिवारी पहाटे रायफल घेऊन व्हर्लिन डोंगराकडे निघाला, तेव्हा हॉगेनांचं घर तळघरापासून माळ्यापर्यंत लख्ख होतं. दिवेसुद्धा बदललेले होते. दुसरा डबा नव्हताच, पण ते आर्लिसने सीझन संपेपर्यंत सांगितलं नाही.