वरून पडलेली पथरी

प्रभाकर गुरुजींच्या पथरीचं, म्हणजे किडनीतल्या मुतखड्याचं, ऑपरेशन गुरुवारी नागपूरला ठरलं होतं. चाकूचं नुसतं नाव काढलं तरी गुरुजी विषय बदलत. म्हणून त्याआधीच पथरी पाडायची, असा पण करून ते दिवसभर कुळथाचं पाणी पीत आणि ते संपलं की साधं पाणी पीत. पांढुर्ण्यात नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे त्यांच्या पत्नी कलाबाई टाकीकडे बघून उसासे टाकत.

सोमवारी सकाळी चूळ भरताना गुरुजी जोरात खाकरले आणि बेसिनमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळट खडा पडला.

"पडली," गुरुजी म्हणाले.

"काय?"

"पथरी."

कलाबाईंनी वाकून पाहिलं. "तोंडातून?"

"इतकं पाणी पेऊन राहिलो मी. पूर आला का तळातली वस्तू वर येते."

शेजारचा दिलीप आला. त्यानं खडा नाकाशी नेला आणि भिंत धरली. "गुरुजी, काय वास हाय हो."

"किडनीतली हाय. अत्तराचा येईन काय?"

खडा कुंकवाच्या डबीत गेला. सगळी गल्ली येऊन, नाकाला पदर लावून, पाहून गेली. गुरुजींनी फोन करून ऑपरेशन रद्द केलं आणि जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आले.

मंगळवारी आणखी दोन पडले.

"रिपोर्टात तं एकच होती," कलाबाई म्हणाल्या.

"पिल्लं असतील." पण गुरुजींचा आवाज बारीक झाला होता.

कलाबाईंनी त्यांना डबीसकट गावातल्याच डॉक्टर नेहाकडे नेलं. तिनं बॅटरी लावून घशात पाहिलं. "काका, हे टॉन्सिलचे खडे आहेत. टॉन्सिलच्या खाचांत अन्नाचे कण अडकतात आणि घट्ट होतात. वास त्याचाच. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, जीभ घासा. काडीनं उकरू मात्र नका."

"मंग पथरी?"

"ती आपल्या जागी असेल. नागपूरला जा."

पुन्हा फोन झाला, गुरुवारची वेळ परत मिळाली. ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मग दुसऱ्यांदा केली. किडनी साफ होती. "पाण्याबरोबर निघून गेली. तुम्हाला कळलंही नाही," ते म्हणाले. गुरुजी हरखून घरी आले.

दिलीप ओट्यावर बसलाच होता. "दाखवा."

"काय दाखवू? गेली ना आपोआप. हा रिपोर्ट पाह्य."

"कागदाले काय पाहाचं? दगड दाखवा." मग त्यानं आवाज खाली आणला. "भेव लागलं असन तं सांगा ना गुरुजी. आमी काय परके हाओ?"

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की गुरुजी ऑपरेशनच्या टेबलावरून उठून पळाले.

शुक्रवारी सकाळी कलाबाईंनी गुळण्यांचं पाणी आणलं. गुरुजींनी घोट तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. "मीठ काऊन नाही टाकलं?"

"आज राहू द्या," कलाबाई म्हणाल्या. "लोकं येऊन राहिले दगड पाहाले. एखादा पडला तं पडू द्या."