उस्तादांच्या गाडीचा विमा

उजवा हात आता परत येणार नाही असं डॉक्टरांनी ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी उस्तादांनी एकच प्रश्न विचारला, "पाना धरता येईल ना?"

"चमचा धरता आला तरी खूप," डॉक्टर म्हणाले.

उस्ताद चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त करत होते. अंगावरून वारं गेलं आणि जाताना नेमका उजवा हात घेऊन गेलं. बायको शेजारीच बसली होती. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "तुमचा एक, माझे दोन. तीन झाले. लोकांना दोनच असतात. चला घरी."

त्याच आठवड्यात तिने नवऱ्याला न सांगता गाडीचा एक विमा काढून ठेवला. पाच वर्षांचा, एकदम. गाडी रस्त्यात बंद पडली की फोन करायचा, माणूस येऊन दुरुस्त करतो. पुढच्या वर्षी ती गेली. विमा तसाच राहिला, डॅशबोर्डच्या कप्प्यात, फडक्याखाली.

तो सापडला अपंगत्वाच्या तपासणीच्या दिवशी. अकराची वेळ होती. दाखला मिळाला तर भत्ता सुरू होणार होता आणि लेकीपुढे हात पसरायची वेळ टळणार होती. आज चुकलं तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. आणि सव्वादहाला, भर चौकात, गाडीने मान टाकली.

"टॅक्सीने जाऊ या, बाबा," गाडी चालवणारी लेक म्हणाली.

"आणि गाडी इथे टाकू? लोक म्हणतील, उस्तादांचीच गाडी बंद पडली."

"पडलीय ना पण!"

लेकीने फडकं शोधायला कप्पा उघडला आणि कागद हाती आला. तिने तो वाचला, मग बापाकडे बघितलं. "आईने विमा काढलाय. रस्त्यात मदत मिळते."

"मला? मदत?" उस्तादांचा चेहरा लाल झाला. "आचाऱ्याच्या घरी बाहेरून डबा लावला की हिने!"

पण घड्याळ थांबत नव्हतं. लेकीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे, त्या बोलताय का?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"त्या नाहीत."

"कधी येतील?"

उस्तादांनी डाव्या हाताने फोन ओढून घेतला. "तिचा नवरा बोलतोय. काय ते मला विचारा."

"गाडीत कुणी अपंग व्यक्ती आहे का, सर? असेल तर अर्ध्या तासात माणूस येतो. नसेल तर तीन तास."

"नाही," उस्ताद म्हणाले.

"आहे!" लेक शेजारून ओरडली.

"नक्की काय, सर?"

"आहेत, पण त्यांना मान्य नाही," लेक म्हणाली.

"बरं. दाखल्याचा नंबर सांगा."

"तो आणायलाच निघालोय."

"मग दाखला मिळाला की फोन करा."

"अहो बाई," उस्ताद म्हणाले, "दाखल्यासाठी तिथे पोचायला हवं. पोचायला गाडी हवी. गाडीला तुमचा माणूस हवा. आणि माणसाला दाखला हवा! मी काय चौकात गोल गोल फिरू?"

पलीकडे थोडा वेळ कुजबुज झाली. "साहेब म्हणतात, अर्जाचा नंबर चालेल. पण अर्जदाराने स्वतः सांगावं लागेल. रेकॉर्ड होतंय. म्हणा, मी अपंग आहे आणि मला मदत हवी आहे."

उस्तादांनी आयुष्यात दोन्हीपैकी एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. त्यांनी फोन मांडीवर ठेवून खिडकीची काच वर केली आणि काहीतरी पुटपुटले.

"आवाज येत नाही, सर. जरा मोठ्याने."

"मी अपंग आहे!" उस्ताद गरजले. "आणि मला मदत हवी आहे!"

काचेचा काही उपयोग झाला नाही. पलीकडच्या दुकानात न्हाव्याची कात्री थांबली. अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं, "काय झालं हो, उस्ताद? ढकलू का?"

"तुम्ही आधी डोकं पुरं करून घ्या!" उस्ताद म्हणाले.

पंचवीस मिनिटांत माणूस आला. इस्त्रीचा गणवेश, हातात लहानसा कॉम्प्युटर. त्याने वायर जोडली, पडद्याकडे बघितलं, मान हलवली. "काही दाखवत नाही. उचलून वर्कशॉपला न्यावी लागेल."

"त्या पडद्याला काय विचारतोस?" उस्ताद म्हणाले. " खालचा पट्टा सुटलाय."

"न बघता कसं कळलं, काका?"

तो पट्टा त्यांनीच काल बसवला होता, एका हाताने, आणि जेवताना लेकीला तीनदा ऐकवलंही होतं. त्यांनी बाही वर केली, डावा हात कोपरापर्यंत इंजिनात घातला, चाचपून पट्टा जागेवर आणला आणि मान न वळवता म्हणाले, "आता तू आवळ. माझ्याने तेवढा आवळला जात नाही."

"म्हणजे काल..." लेक म्हणाली.

"काल काल करू नकोस. गाडीत बस."

अकरा वाजून दहा मिनिटांनी ते पोचले. टेबलामागे तिघे डॉक्टर. मधल्या बाईंनी उस्तादांचा हात बघितला. कोपरापर्यंत काळाकुट्ट, नखांत ग्रीस.

"गाडी दुरुस्त करून आलात वाटतं? आणि अर्जात लिहिलंय हात चालत नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "मॅडम, रस्त्यात..." ती बोलू लागली, पण उस्तादांनी तिला थांबवलं. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं, उचललं आणि तो हात टेबलावर ठेवला. डावा त्याच्या शेजारी.

उजवा हात धुतल्या कपबशीसारखा स्वच्छ होता. फक्त मनगटावर डाव्याच्या पाच बोटांचे काळे ठसे.

"बाई, चाळीस वर्षं हा आधी काळा व्हायचा," उस्ताद म्हणाले. "डाव्याला मी फक्त दिवा धरायला ठेवला होता."

बाईंनी दोन्ही हातांकडे बराच वेळ बघितलं. उजवा दाबला, बोटं उलगडली, सुई टोचून बघितली. मग शेजारच्या दोघांकडे एक नजर टाकून कागदावर सही केली आणि शिक्का मारला. कागद देताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी गाडी पण सकाळी सुरू होताना किंचाळते. कशाने होत असेल?"

उस्तादांची मान ताठ झाली. "खालचा पट्टा असेल. पण एक सांगतो, विमा काढून ठेवा. रस्त्यात फोन केला की अर्ध्या तासात माणूस येतो. आमच्या घरात तो विचार एकीनेच केला होता. मला सुचला नव्हता."

घरी आल्यावर त्यांनी दाखला बायकोच्या कागदासोबत त्याच कप्प्यात ठेवला. विमा कंपनीचा दोनदा फोन आला, पॉलिसीवरचं नाव बदलून घ्या म्हणून. त्याला एक अर्ज लागतो आणि तिच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागते. अर्ज घरात आणून ठेवलाय. तो भरायचा राहिलाय.